गळका टप

"तिला म्हणावं, काच नीट वर घे. न्हाईतर आलेलं पाणी टपाचं का काचेचं, कळायचं न्हाई."

आप्पा माझ्यापासून हातभर लांब उभे होते. मी गाडीत बसले होते, दार उघडं होतं आणि त्यांचा शब्द न् शब्द मला ऐकू आला होता. तरी आई पायरीवरून उठली, दारापाशी येऊन वाकली आणि म्हणाली, "काच नीट वर घे म्हणत्यात."

"ऐकलं," मी म्हणाले.

"ऐकलं म्हणती," आईने आप्पांना सांगितलं.

आप्पा, म्हणजे माझे वडील, माझ्याशी बोलत नव्हते. नवऱ्याचं घर सोडून मी परत आले त्याला दोन वर्षं होऊन गेली होती, आणि तेव्हापासून त्यांचा माझ्यासाठीचा प्रत्येक शब्द आईच्या तोंडून यायचा. ताटात मीठ कमी पडलं तरी 'तिला म्हणावं'. घरात माणसं चार. आप्पा, आई, मी आणि धाकटी शैला. त्यातल्या दोघांत आई दुभाषी. सासरी काय झालं ते उगाळत बसत नाही. आईने माझी पाठ बघितली आणि 'परत जा' म्हणाली नाही, एवढं पुरे. आप्पांनी काहीच बघितलं नाही. त्यांनी फक्त गाडीची किल्ली भिंतीवरच्या खिळ्यावरून काढली आणि कमरेच्या करदोट्याला बांधून टाकली.

ती किल्ली मला सगळ्यात जास्त लागली. कारण ती गाडी चालवायला मला आप्पांनीच शिकवलं होतं, रंकाळ्याच्या कडेने, मी नीट साडीही नेसत नव्हते तेव्हा. "माझा पोरगाच हाय ह्यो," असं ते ओळखीच्या माणसांना सांगायचे.

गाडी विलायती, दोन दारांची, कापडी टपाची. टप मागे पाडला की गाडी सगळी उघडी. पेठेत तिला 'खराड्यांची मोकळी' म्हणत, आणि आजूबाजूच्या चार गल्ल्यांतल्या वराती तिच्यातून निघत. आप्पा तिचं भाडं घेत नसत. नारळ आणि टोपी, एवढ्यावर खूश. माझी वरातही तिच्यातूनच निघाली होती. आप्पा स्वतः चालवत होते.

आणि त्या वरातीपासून गाडी गळत होती.

पाऊस आला की मागच्या सीटखाली पाणी. आप्पांचं टायर रिमोल्डिंगचं दुकान. फाटकं रबर जोडण्यात त्यांचा हात धरणारा कोल्हापुरात नव्हता, म्हणून हा टप त्यांना जास्तच झोंबायचा. त्यांनी टप दोनदा नवा शिवून घेतला. शिवणीवर मेण घासलं, पंक्चरचं सोल्युशन फासलं, ट्यूबच्या पट्ट्या चिकटवल्या. टप ठिगळांनी गोधडीसारखा झाला, पण पाणी काही थांबलं नाही. पाण्याला पिवळट झाक असायची. आप्पा म्हणायचे, सोल्युशनचा रंग उतरतोय.

"थोरलीची वरात झाली आन् गाडीत पाणी शिरलं," असं ते आल्यागेल्याला सांगायचे, आणि माझ्यासमोर सांगायचे. बाण कुठे बसला हे बघायला वळत नसत. बसायचा मात्र नेमका.

आता शैलाचं लग्न चार दिवसांवर आलं होतं. साखरपुड्याच्या दिवशी पाहुण्यांना मिरवून आणायला आप्पांनी हौसेने मोकळी काढली, नवऱ्या मुलाच्या आत्याबाईंना मागच्या सीटवर बसवलं, आणि परतताना वळीव आला. आप्पांनी घाईने टप चढवला. घरी पोहोचेपर्यंत आत्याबाईंचा मोतिया रंगाचा शालू गुडघ्यापर्यंत पिवळा झाला होता. दुसऱ्या दिवशी मध्यस्थाबरोबर सांगावा आला. एक, वरातीला ही गळकी गाडी नको. दोन, थोरली मुलगी लग्नात पुढंपुढं नको. नांदायची सोडून आलेली बाई, आमच्यात चालत नाही.

आप्पांनी पहिल्याचं उत्तर तिथल्या तिथे दिलं. "बुधवारी दुपारी या. एक थेंब आत आला तर बोला."

दुसऱ्यावर ते काहीच बोलले नाहीत. आईने त्या गप्प बसण्याचा अर्थ होकार असा लावला, आणि मीही तोच लावला. बुधवारी सकाळी माझी पिशवी भरून पुढच्या सोप्यात दारापाशी ठेवलेली होती. संध्याकाळच्या गाडीने गारगोटीला मावशीकडे जायचं, लग्न आटोपलं की परत यायचं. सख्ख्या बहिणीच्या अक्षता, आणि मी मावशीच्या म्हशीला वैरण घालत बसणार. मी रडले नाही. राग इतका आला होता की रडायला जागाच उरली नव्हती.

तर ती बुधवारची दुपार. पाहुणे येण्याआधी शेवटची परीक्षा होती. एकाने आत बसून कुठून पाणी येतं ते बघायचं, दुसऱ्याने बाहेरून पाइपने पाणी मारायचं. एरवी शैला आत बसायची, पण नवरीला सर्दी होईल म्हणून आईने तिला उठू दिलं नाही. राहिले मी.

दार लागलं. आत अंधुक झालं, रबराचा आणि कुबट कापडाचा वास नाकात भरला. आप्पांनी पाणी सोडलं आणि टपावर असा ताशा वाजायला लागला की स्वतःचा श्वास ऐकू येईना. मी बॅटरी घेऊन एकेक शिवण बघत होते.

"फुडच्या काचंजवळ इचार!" बाहेरून आप्पांचा आवाज.

"पुढं काय?" आई काचेला तोंड लावून ओरडली.

"कोरडं!"

"कोरडं म्हणती!"

मग मधली शिवण. कोरडी. दोन्ही कडा. कोरड्या. आप्पा चिडायला लागले होते; पाण्याची धार टपावर आदळत होती त्यावरून कळत होतं. तेवढ्यात शैलाने घरातून हाक मारली, दूध उतू चाललं होतं, आणि आई पदर सावरत आत धावली.

बाहेर आप्पा, आत मी, मध्ये ठिगळांचा टप. पाणी एका जागी पडत राहिलं. मग त्यांनी बोटांनी टपावर टकटक केली, मागच्या बाजूला. म्हणजे इथे बघ. मी आतून त्याच जागी टकटक केली. म्हणजे कोरडं. पुढच्या जागी टकटक. मी परत टकटक. दोन वर्षांत आमचं एवढं संभाषण झालं नव्हतं.

मग पाण्याच्या आवाजात आप्पा काहीतरी बोलले. टकटक नव्हे, बोलले. मला फक्त शेवट ऐकू आला. "...मीच आणलं हुतं."

"काय आणलं?" मी ओरडले.

"काय न्हाई. पाणी बघ."

आई अजून आत होती. म्हणजे ते मलाच बोलले होते. मी आवाजाच्या दिशेने वळले तसा बॅटरीचा झोत खाली गेला, मागच्या सीटच्या पाठीशी, डाव्या कोपऱ्यात. तिथे पाणी होतं. वरून एक थेंब पडत नव्हता, आणि तरी पाणी कोपऱ्यातून झऱ्यासारखं वर येत होतं. पिवळसर.

"आप्पा! वरनं न्हाई! खालनं येतंय!"

पाइप बंद झाला. एकदम शांत झालं.

"कुठनं?" त्यांनी विचारलं. सरळ, मला.

"डाव्या कोपऱ्यातनं. टपाचा काय दोष न्हाई. खालनं भरून वर येतंय."

टपावरून ओघळलेलं पाणी मागे एका खोबणीत उतरतं. टप पाडला की त्याची घडी बसते, तीच खोबण. तिच्या दोन्ही टोकांना रबरी नळ्या असतात, त्यातून पाणी चाकांमागे खाली पडून जातं. हे आप्पांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण उजवी नळी ठिबकताना दिसायची, म्हणून डावीही चालूच असणार असं ते धरून चालले होते. तीन वर्षं ते टपाच्या मागे लागले होते. दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

ते खाली वाकले. उजव्या चाकामागे पाण्याचं तळं साचलं होतं. डाव्या चाकामागे फरशी कोरडी ठणठणीत.

"तुंबलीय," ते म्हणाले. मग आई नाही हे बहुतेक त्यांच्या लक्षात आलं, कारण पुढचं ते चाकाला उद्देशून बोलले. "सायकलची तार आणावी कुणीतरी."

मी तार आणली. टप मागे पाडला, मागची सीट पाठीसकट काढली. आप्पांनी खोबणीत हात घालून नळीचं तोंड शोधलं आणि तार आत सारली. काहीतरी टणक लागलं. त्यांनी तार फिरवली, ओढली, परत सारली. आधी पिवळं पाणी आलं, मग काळपट कुजका चिखल, तो मी हातांनी उपसत होते, आणि चिखलात फुगलेले तांदळाचे दाणे. काही अजून आतून पिवळे होते. आणि मग, तारेच्या टोकाला अडकून, एक हळकुंड. त्याला दोरा गुंडाळलेला होता.

आप्पांनी ते तळहातावर घेतलं. मी काही बोलणार तेवढ्यात मागून आवाज आला.

"आगं बया! हे काय काढलंसा?"

पाहुणे अंगणात कधी आले ते आम्हाला कळलंच नव्हतं. नवऱ्या मुलाचे मामा बळवंतराव, आणि त्यांच्यामागे त्या शालूच्या आत्याबाई. आत्याबाईंनी मान पुढे काढून आप्पांचा तळहात बघितला आणि त्या दोन पावलं मागे सरकल्या.

"करणी हाय ही! तांदूळ, हळकुंड, वर दोरा बांधलाय. आमच्या पोराच्या लग्नावर करणी! आन् मला नेमकं त्यावर बसवलं!"

"आत्याबाई, जरा दमानं," बळवंतमामा म्हणाले, पण त्यांचाही चेहरा उतरला होता.

"दमानं काय? घरातलंच माणूस हाय, त्याशिवाय इतक्या आत कोण ठेवंल?" त्यांनी माझ्याकडे बघितलं. सरळ बोटच केलं. "सवताचं मोडलं, भनीचं बघवंना."

मी ते केलं नव्हतं, हे मला माहीत होतं. पण माझी पिशवी सोप्यात भरून ठेवलेली होती, ती दारातून सगळ्यांना दिसत होती, आणि माझे चिखलाने भरलेले हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते. चोर म्हणून कोणाला धरायचं असतं तर माझ्याइतकं सोयीचं माणूस त्या अंगणात दुसरं नव्हतं. मी आप्पांकडे बघितलं. आत्याबाई काय म्हणतात याची मला पर्वा नव्हती. आप्पांना ते खरं वाटलं तर मी गारगोटीहून परत येणार नव्हते, हे माझं मी तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

आप्पांनी मान वर केली. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी माझ्या डोळ्यांत बघितलं.

"कुमे," ते म्हणाले, "हे तुझं हाय?"

"न्हाई, आप्पा."

ते पाहुण्यांकडे वळले. "न्हाई म्हणती," त्यांनी सांगितलं.

"ती काय व्हय म्हणंल?"

"माझी पोरगी न्हाई म्हणती. म्हंजे न्हाई."

पाठीमागे कपबशा वाजल्या. आई चहाचा ट्रे घेऊन पायरीवर उभी होती.

"माझं हाय ते," आई म्हणाली.

आईने ट्रे पायरीवर ठेवला, पदराने हात पुसले.

"करणी न्हवं. अक्षता हायत त्या. कुमीच्या लग्नातल्या." ती आत्याबाईंना सांगत होती, पण बघत होती हळकुंडाकडे. "पोरीच्या डोक्यावर अक्षता पडताना आईनं बघायचं नसतंय. तुमी बी लेकीचं लग्न केलंय, तुमाला ठावं हाय. मी आत तुळशीला पाणी घालत बसलेली. भायेर शुभमंगल चाललेलं ऐकू येत हुतं. सगळ्या गावानं माझ्या पोरीवर अक्षता टाकल्या, मी न्हाई टाकल्या. मग गाडी सुटायच्या आधी वाटीभर अक्षता आन् मुहूर्ताचं, दोरा बांधलेलं हळकुंड घेतलं आन् मागं टपाच्या घडीत सारलं. म्हटलं, सासरच्या दारापतोर तेवढंच माझं तिच्यासंगं जाईल." तिने पुन्हा हात पुसले. "ते तितंच अडकून बसंल, हे मला काय ठावं?"

आत्याबाई ती दोन पावलं परत पुढे आल्या. त्यांनाही लेक होती, आणि त्याही कधीतरी तुळशीपाशी पाणी घालत बसल्या असणार.

बळवंतमामा खाकरले. "वैनी, ते असू दे. मायेचं हाय, त्यात काय न्हाई. पण दादा, त्या दुसऱ्या सांगाव्याचं काय ठरीवलं? थोरलीचं?"

आप्पांनी तार खाली ठेवली. ते सोप्यातल्या पिशवीकडे बघत होते. मला वाटलं, आता 'तिला म्हणावं' येणार. शैला दारात येऊन चौकट धरून उभी होती. तिचं लग्न आणि माझं घर, दोन्ही त्या एका उत्तरावर टांगलेलं होतं.

आप्पांनी सदरा वर केला. करदोट्याची गाठ सोडली. ओल्या बोटांनी ती सुटेना, त्यांनी दातांनी ओढून सोडवली. आणि किल्ली माझ्या पुढ्यात धरली.

"ठरलं की," ते म्हणाले. "वरातीत गाडी कुमुद चालीवणार."

"अवो, पण पुढंपुढं नको असं आमी..."

"ऐकलं ते. पण डायव्हर फुडंच बसतोय, पाव्हणं. मागं बसून गाडी चालत न्हाई."

बळवंतमामांच्या मिशा हलल्या. हसू होतं का राग, मला कळेना. आत्याबाई म्हणाल्या, "आन् आमच्यात चालत न्हाई म्हटलं तर?"

आप्पांचा चेहरा पडला. एका मुलीचं आधीच मोडलेलं, दुसरीचं ते आपल्या तोंडाने कसं मोडणार? किल्ली पुढे धरलेली होती, ती मात्र त्यांनी मागे घेतली नाही. उत्तर दारातून आलं.

"मग नवरी बी दुसरी बघा," शैला म्हणाली. बारीक आवाजात, पण म्हणाली. आणि लगेच तिला रडू फुटलं.

बळवंतमामांनी एकदा शैलाकडे बघितलं, एकदा किल्लीकडे. मग चपला काढल्या, गाडीचं दार उघडलं आणि मागच्या सीटच्या जागी, उघड्या पत्र्यावर जाऊन मांडी घालून बसले.

"वैनी, तेवढा चहा द्या आत," ते म्हणाले. "दादा, टप लावा. आन् मारा पाणी. गळलं तर बोलू, न्हाई गळलं तर दुसरं काय बोलायचं न्हाई."

टप मी चढवला. पाणी आप्पांनी मारलं, एवढं मारलं की अंगण वाहून चाललं. डाव्या चाकामागून तीन वर्षांनी धार लागली. आत्याबाई साडीचा काठ उचलून पायरीवर चढून उभ्या होत्या. मी टपाला कान लावून उभी होते आणि मनात एकच चाललेलं, एक थेंब नको, एक थेंब नको.

बळवंतमामा बाहेर आले. कप पालथा करून दाखवला. "कोरडं," ते म्हणाले. "आत्याबाई, नवा शालू माझ्याकडनं."

पाहुणे गेल्यावर आईने माझी पिशवी उचलून आत नेली. आप्पा पाइप गुंडाळत होते. मी जवळ गेले.

"मगाशी काय आणलं म्हणत होतासा? पाण्यात?"

ते पाइप गुंडाळतच राहिले. "स्थळ," ते म्हणाले. "तुझं. तू नको म्हणत हुतीस. मीच आणलं हुतं." मग पाइपचा वेढा घट्ट ओढत, "कुठल्या तोंडानं बोलायचं तुझ्यासंगं?"

दोन वर्षं मला वाटत होतं की माणूस माझ्यावर रागावला आहे. 'वरात झाली आन् पाणी शिरलं' हे ते कोणाला ऐकवत होते, ते मला तेव्हा कळलं. मी पाइपचं दुसरं टोक धरलं आणि आम्ही दोघांनी तो गुंडाळून ठेवला.

रविवारी शैलाची वरात निघाली. टप मागे पाडलेला, मागच्या सीटवर नवरानवरी, चालवायला मी, शेजारी फेटा बांधलेले आप्पा. बँड वाजायला लागला होता. लोक बघत होते. काही जणी कुजबुजतही होत्या, कुजबुजू देत. मी किल्ली फिरवली आणि आरसा नीट करायला हात वर केला.

आरशात आई दिसली. गर्दीतून वाट काढत ती गाडीच्या मागे आली होती. पदराखाली तिने काहीतरी धरलेलं होतं. तिने इकडेतिकडे बघितलं, पदराखालून वाटी काढली आणि टपाच्या घडीवर वाकली.

मी आप्पांकडे बघितलं. तेही आरशातच बघत होते.

"तिकडं बघू नगंस," आप्पा म्हणाले. "फुडं बघून चालीव. उद्या काढू आपण दोघं."